एकशेसाठ मीटरवरची वीस मिनिटं

माझ्या पोटापाण्याचा धंदा असा आहे: लोकांच्या परसात मी लांबच लांब तारा टाकते, आणि मग त्या तारांमधून काही ऐकू येत नाही म्हणून ते मला फोन करतात. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायच्या गणपतीत एखादं नवीन जोडपं भेटतं आणि विचारतं, "ताई, तुम्ही पण ऑटो कंपनीत का?" मी म्हणते, "होते. आता तारा टाकते." दोघं एकमेकांकडे बघतात. मग नवरा धीर करून विचारतो, "केबल टीव्ही?" मी चेहरा अत्यंत गंभीर करते आणि म्हणते, "नाही, समाजकार्य." इथे माझा नवरा मला कोपराने ढोसतो आणि खरं काय ते सांगून टाकतो. माझी चांगली रंगलेली नाटकं त्याने अशीच पाडलेली आहेत.

खरं काय ते तुम्हालाही सांगते. जगात हौशी रेडिओवाले नावाची एक जमात आहे. इथे त्यांना हॅम म्हणतात. परीक्षा देऊन सरकारी लायसन्स घेतात, घरात रेडिओ ठेवतात आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलतात, बहुतेकदा मोर्सच्या टिंब-रेघांमध्ये. त्यातले जे जरा जास्त बिघडलेले असतात ते लांब लहरींच्या मागे लागतात. एकशेसाठ मीटर ही त्यातली सगळ्यात वेडी जागा. त्या लहरीची लांबीच एकशेसाठ मीटर, म्हणजे अँटेना नीट उभा करायचा तर दहा-बारा मजल्यांचा खांब हवा. तेवढा खांब कुणाकडेच नसतो. मग तार झाडावर चढवा, तिथून आडवी न्या, गवताखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या तीस-चाळीस तारा पुरा. ते सगळं मी करते. हरणं त्या तारा तोडतात, मी पुन्हा जोडते.

यात ऐकणं हे बोलण्यापेक्षा अवघड. बोलायला ताकद लागते, ती विकत मिळते. ऐकायला शांतता लागते, ती कुठल्याच दुकानात नाही. आजच्या घरात प्रत्येक चार्जर, प्रत्येक दिवा, प्रत्येक मोटर या लहरींवर खरखर करत असते. मी अठरा वर्षं गाड्यांच्या एका लॅबमध्ये नोकरी केली, आणि तिथे माझं कामच हे होतं: गाडीतली कुठली तार रेडिओत खरखर घालते ते शोधून काढायचं. तो विभाग बंद झाला तेव्हा मी चव्वेचाळीसची होते आणि खरखर ओळखणं सोडून मला दुसरं काहीच येत नव्हतं. घाबरले होते. आता वाटतं, बरं झालं बाई बंद झाला.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर आहे. त्याच्या शेतात मी सुंदर अँटेना उभा केला, त्याला आता चार वर्षं झाली. तो रोज ऐकतो. एकदाही बटण दाबून बोललेला नाही. मी विचारलं, "का?" तर म्हणाला, पस्तीस वर्षं मुलांची बडबड ऐकली, मधे बोलायची सवय राहिली नाही.

आणि एक आपला देशमाने. नागपूरचा, नोव्हायमध्ये नवीन टाउनहाऊस घेतलेला. "मंजिरीताई, मरून राहिलो यार," तो म्हणाला. "एचओए पोल लावू देत नाही. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा अलाउड नाही." एचओए म्हणजे आपली सोसायटीची कमिटी, फक्त हिला दात जास्त. मी महिना बघितला, पाडवा जवळ आला होता. मी त्याला तीस फुटी फायबरचा खांब आणून दिला, आतून तार ओवली, वर जरीचा खण, कडुलिंब मिळेना म्हणून मेपलची डहाळी, आणि टोकाला तांब्याचा गडू उपडा. गुढी. धार्मिक बाब. कमिटीने मुकाट्याने मान तुकवली.

पाडवा झाला. गुढी उतरली नाही. जूनमध्ये कमिटीच्या मार्लीनबाई कुत्र्याला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "इज इट स्टिल न्यू इयर?" देशमाने म्हणाला, आमचं वर्ष मोठं असतं. पुढच्या पाडव्याला बाई पुन्हा आल्या. इंटरनेटवर वाचून त्यांनी गाठी करून आणल्या होत्या, मार्शमेलो दोऱ्यात ओवून. मी तिथेच होते. मला इतकी लाज वाटली की मी सगळं कबूल केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला पहिल्या महिन्यापासून माहितीय. तो रेडिओ लावतो तेव्हा माझं गॅरेजचं दार आपोआप उघडतं." वर्षभर त्या रोज संध्याकाळी उठून दार लावत होत्या आणि एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या दाराच्या वायरला लहरी अडवणाऱ्या फेराइटच्या दोन काळ्या कड्या घालून ते बंद केलं. खांब अजून आहे. कमिटीला बाईंनी काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

पण हा लेख मला लिहायचा होता तो मोघेकाकांसाठी.

डॉक्टर मोघे म्हणजे भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवलं. निवृत्त झाल्यावर नोव्हायच्या पुढे अर्ध्या तासावर पाच एकरांत राहत होते, ते आणि शैलाकाकू. एकोणऐंशी वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात घर विकायचं ठरलं. मुलगी जर्सी सिटीला, एकतिसाव्या मजल्यावर, तिथे हे दोघं जाणार. त्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतसुद्धा नाहीत, अँटेना कुठला लावता. नाताळच्या आत घराचा ताबा द्यायचा, आणि घेणाऱ्याची अट होती की आवारातली प्रत्येक तार निघाली पाहिजे.

काकांनी मला डिसेंबरच्या सुरुवातीला बोलावलं. मला वाटलं, तारा काढायला.

"काढायच्या आहेत, पण नंतर," काका म्हणाले. "आधी मला एकशेसाठवर हेरवाडेला धरायचंय."

हेरवाडे मास्तर म्हणजे त्यांचा गडहिंग्लजचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून भंगारातल्या सामानावर पहिला रेडिओ जुळवला होता. मग एक अमेरिकेत आला, दुसरा तिथेच हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवत राहिला. आखूड, सोप्या लहरींवर त्यांनी वर्षानुवर्षं गप्पा मारल्या होत्या. एकशेसाठवर कधीच नाही, कारण मास्तरांकडे तेवढी लांब तार टाकायला जागा नव्हती. त्या वर्षी त्यांनी नगरपालिकेच्या मागे लागून पाण्याच्या टाकीपासून शेजाऱ्याच्या नारळापर्यंत तार न्यायची परवानगी मिळवली. म्हणजे तिकडे तार लागली, आणि इकडची तीन आठवड्यांत निघणार.

"काका, तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर बोलता ना त्यांच्याशी?" मी खोडी काढली. "परवा त्यांनी नवीन कवळी दाखवली तुम्हाला व्हिडिओवर."

"कवळी दिसली," काका म्हणाले. "त्यात मधे चार कंपन्या आहेत. इकडे मधे कोण आहे? मी आहे, तो आहे, आणि उत्तर ध्रुव आहे."

ध्रुव खरंच आहे. मिशिगनहून भारत पूर्वेला नाही, जवळजवळ उत्तरेला आहे. हे लोकांना पटत नाही, त्यासाठी पृथ्वीचा गोळा हातात घ्यावा लागतो. आणि या लहरींची दुसरी खोड म्हणजे दिवसाउजेडी त्या जातच नाहीत. ऊन पडलं की वरची हवा त्यांना टिपकागदासारखी शोषून घेते. दोन्ही टोकांना अंधार पाहिजे. डिसेंबरात गडहिंग्लजला सूर्य मावळतो आणि त्यानंतर वीस मिनिटांनी आमच्याकडे उगवतो. सकाळची तेवढी वीस मिनिटं. संध्याकाळीही एक वेळ जुळते, पण तेव्हा तिकडे पहाट, आणि मास्तरांच्या शेजारच्या पोल्ट्रीचे दिवे त्या वेळी सगळं बुडवून टाकत होते. म्हणून सकाळच.

मी काकांच्या घरामागच्या झाडीतून उत्तरेकडे पाचशे फूट तार टाकली, छातीएवढ्या उंचीवर. ही फक्त ऐकायची तार. शिकारीचे दिवस, म्हणून अंगात भगवं जॅकेट घालून मी झाडीत फिरत होते आणि मी हरण नसल्याची शिकाऱ्यांना खात्री पटावी म्हणून मोठ्याने नाट्यगीतं म्हणत होते. त्याने हरणंही पळाली.

पहिल्या सकाळी रेडिओ लावला तर खर्रर्र. पाच सेकंद खरखर, चाळीस सेकंद शांत, पुन्हा खर्रर्र. त्याखाली मास्तर काय, हत्ती जरी मोर्स बडवत असता तरी ऐकू आला नसता.

आमच्या धंद्याचा पहिला नियम सांगते: आधी स्वतःच्या घराचा मेन स्विच बंद करा, रेडिओ बॅटरीवर चालवा, आणि खरखर गेली का बघा. मी तो शंभर गिऱ्हाइकांना शिकवलाय. पण मी मेनकडे निघाले तशा शैलाकाकू म्हणाल्या, "अगं नको गं, घर तापवायचा फर्नेस बंद पडतो आणि सगळी घड्याळं परत लावावी लागतात." मी म्हटलं, राहू दे, शेजारीच असणार काहीतरी. आणि बर्फात शेजार धुंडाळायला बाहेर पडले.

चार दिवस गेले. हातात छोटा रेडिओ धरून मी सकाळी सात वाजता लोकांच्या दारात. मिशिगनचे लोक देवमाणसं, खरं सांगते. टॉड नावाचा शेजारी रोज सव्वासातला ट्रेडमिलवर धावायचा. तो म्हणाला, धावणं संध्याकाळी करतो. पलीकडच्या आजीबाईंनी आपल्या आफ्रिकन व्हायोलेटच्या कुंड्यांवरचे दिवे सकाळचे बंद ठेवले. मी एकेकाला बंद करत गेले आणि खरखर तशीच.

पाचव्या दिवशी गारठून स्वयंपाकघरात चहाला आले. हातातला रेडिओ चालूच होता. ओट्याच्या कोपऱ्याशी गेले तशी त्याने आकांत मांडला. कोपऱ्यात शालीत गुंडाळलेलं एक पातेलं, आणि त्याच्याखाली पाठ शेकायचं इलेक्ट्रिक पॅड.

"काकू, हे काय?"

"विरजण. हलवू नकोस. तूच तर सांगितलंस दिवाळीत, थंडीत दही लागत नाही तर खाली पॅड ठेवा म्हणून. काय सुरेख लागतं."

मीच सांगितलं होतं. पॅड जुनं, त्याच्या थर्मोस्टॅटमध्ये दर पाऊण मिनिटाला ठिणगी. खरखर शोधण्यात हयात घालवलेल्या बाईने खरखर स्वतःच्या हाताने ओट्यावर ठेवली होती आणि नंतर बर्फातून गावभर ती शोधत होती. मी प्लग काढला. तळघरातून काकांचा आवाज आला, "मंजिरी, काय केलंस? एकदम शांत झालं."

"दही बंद केलं," काकू वरून म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस त्या घरात ताकासारखं दही होतं आणि कुणी तक्रार केली नाही. पण माझ्या त्या चार दिवसांचा हिशेब काही जमेना. चारातल्या एका सकाळी, मास्तरांनी नंतर सांगितलं, त्यांच्याकडे काकांचा सिग्नल घड्याळासारखा स्वच्छ येत होता. आम्हीच बहिरे होतो. हे मी आजही काकांसमोर बोलत नाही.

तिकडे मास्तरांचीही एक खरखर होती. त्यांच्या गल्लीत पिठाची गिरणी. संध्याकाळी सहाला तिथे डब्यांची रांग. मास्तर गिरणीवाल्याकडे गेले. तो त्यांचाच विद्यार्थी, दहावीत दोनदा बसलेला. म्हणाला, "सर, वीस मिनिटं बंद ठेवतो, पण बायकांना तुम्ही सांगा." मास्तरांनी सांगितलं. मग रोज सहाला पट्टा थांबायचा आणि डबे घेऊन बायका ओट्यावर बसायच्या. एक जण मास्तरांच्या खिडकीतून रोज विचारायची, "झालं का सर अमेरिकेशी? भाकरी कधी करू?"

दिवस संपत आले. कधी ध्रुवावर वादळ, सगळं मेलेलं. कधी मास्तर ऐकू यायचे, काका त्यांना ऐकू जायचे नाहीत. शेवटच्या सकाळी मी साडेसहाला पोहोचले तेव्हा माझ्या ट्रकमध्ये रिकामी चाकं होती, तारा गुंडाळायला. नऊनंतर काढायला सुरुवात करायची असं ठरलं होतं.

तळघरात खोकी बांधून भिंतीला लावलेली. फक्त टेबल, रेडिओ आणि काका. मी दुसरा हेडफोन लावला. काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या.

इथे एक सांगायला हवं. आमच्यात नियम कडक आहेत. दोघांनी एकमेकांचं नाव आणि एकमेकांना दिलेले गुण स्वतःच्या कानाने ऐकले पाहिजेत. फोन करून विचारायचं नाही. शेजारच्याने सांगायचं नाही. पोलीस नसतो, तुम्ही आणि तुमची वही. आता गुण म्हणजे काय, तर समोरचा किती स्पष्ट ऐकू येतो त्याचे तीन आकडे. आणि इथेच आमची एक मोठी थाप आहे. सगळं जग सगळ्यांना पाच-नऊ-नऊ देतं, म्हणजे उत्तमातले उत्तम. जेमतेम ऐकू आलेल्यालाही पाच-नऊ-नऊ. वेळ वाचतो, कुणाचं मन मोडत नाही. त्यामुळे ते आकडे कुणी ऐकतही नाही, कान आपोआप भरून घेतो.

सात चाळीस झाले. फक्त समुद्रासारखी सरसर. मग तिच्या तळाशी टिंबं. वर आली, बुडाली, वर आली. मास्तर. काकांनी उत्तर दिलं. मास्तरांनी काकांचं नाव पाठवलं, एक अक्षर चुकीचं. काकांनी पुन्हा पाठवलं. मास्तरांनी पुन्हा, आता बरोबर. त्यांनी सवयीने मास्तरांना पाच-नऊ-नऊ दिले. मग मास्तरांकडून गुण आले.

काका थबकले. त्यांनी प्रश्नचिन्ह पाठवलं. मास्तरांनी पुन्हा पाठवलं. काका पुन्हा थबकले.

मला दुसऱ्या वेळी कळलं. पाचासाठी पाच टिंबं असतात. मास्तर तीन टिंबं आणि दोन रेघा पाठवत होते. काकांचा कान पाचाची वाट बघत होता आणि पाच येत नव्हते.

त्यांनी एका कानावरून हेडफोन सरकवला. "तुला कळलं का?"

मी आयुष्यात भरपूर खोटं बोललेय, तुम्ही वर वाचलंच आहे. त्या वेळी मात्र मला खरंही बोलता येईना. "काका," मी म्हणाले, "परत मागा."

"सांग ना गं त्यांना," काकू पायरीवरून म्हणाल्या. "एवढं काय आहे त्यात?"

"काकू, मी सांगितलं तर ते होत नाही."

"काय होत नाही?"

"काहीच होत नाही."

तळघराच्या वरच्या खिडकीतून झाडांचे शेंडे गुलाबी दिसायला लागले होते. उगवत्याच्या क्षणी सिग्नल एकदा जोरात वर येतो आणि मग जातो, कायमचा, दुसऱ्या दिवसापर्यंत. दुसरा दिवस नव्हता.

काकांनी तिसऱ्यांदा प्रश्नचिन्ह पाठवलं. मास्तर शिक्षक होते. चौथीतल्या मुलाला सांगावं तसं त्यांनी सगळं सावकाश केलं, प्रत्येक आकडा सुटा, मधे भरपूर जागा. काकांनी डोळे मिटले. पेन्सिल हलली. तीन. मग पुन्हा तीन. मग नऊ.

काका हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मग त्यांनी चूक झाल्याची खूण पाठवली, ओळीने आठ टिंबं, आणि मास्तरांना दिलेले पाच-नऊ-नऊ मागे घेऊन दोन-दोन-नऊ दिले. मास्तरांनी ते पोचल्याचं कळवलं, आभार मानले, आणि निरोपाची दोन टिंबं पाठवली. टिक, टिक. त्यानंतर सरसर राहिली, आणि दोन-तीन मिनिटांत सरसरसुद्धा पातळ झाली.

काकांनी वहीत लिहिलं. वेळ, नाव, गुण. हेडफोन काढून ठेवला.

"किती दिले?" काकूंनी विचारलं.

"तीन-तीन-नऊ."

"चांगले आहेत का?"

"काठावर पास," काका म्हणाले. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. "पन्नास वर्षं रेडिओवर आहे मी. पहिल्यांदा कुणीतरी मला खरोखर ऐकून मार्क दिले."

संध्याकाळी ट्रेडमिलवर धावणारा टॉड, कुंड्या अंधारात ठेवणाऱ्या आजी, पट्टा थांबवणारा गिरणीवाला, भाकऱ्या खोळंबलेल्या बायका, पातळ दही खाणाऱ्या काकू. सहा मिनिटांच्या त्या बोलण्यासाठी किती जण गप्प बसले ते मी पुढे कितीतरी दिवस मोजत होते, आणि दर वेळी कुणीतरी सुटायचं. माझं काम काय, असं आता मला कुणी विचारलं की मला ही माणसं आठवतात. मी तारा टाकते. ऐकू येतं ते यांच्यामुळे.

नऊ वाजता मी झाडीत गेले. मागून काका आले, ओव्हरकोट, कानटोपी, काकूंचे हातमोजे घालून. मी म्हटलं, काका, आत जा, उणे नऊ आहे. त्यांनी ऐकलं नाही. तारेचं एक टोक त्यांनी धरलं, चाक मी धरलं. पाचशे फूट तार गुंडाळायला मला एरवी चाळीस मिनिटं लागतात. त्या दिवशी काकूंनी जेवायला हाक मारली तेव्हा आमची निम्मीसुद्धा झाली नव्हती.